टाकीच्या तोंडावरचा नारळ

"नाडी सोड," वहिनी म्हणाल्या.

गाळ्याच्या मागच्या संडासात आम्ही दोघी. दार आतून लावलेलं. पण दाराचा खालचा पत्रा केव्हाच कुजून गेला होता आणि त्या फटीतून मला बाहेर दिनेशभाईंचे बूट दिसत होते. दिनेशभाई म्हणजे आमचे सुपरवायझर. ते तिथे कशाला उभे होते, मला आजही माहीत नाही. पुढे शेडमध्ये एरवी दिवसभर घरघरणारा ब्लोअर बंद केला होता. गाळ्यातले सगळे पुरुष कान देऊन उभे होते.

वहिनी म्हणजे गाळ्याच्या मालकांची, आमच्या साहेबांची बायको. त्यांनी हातात नवेकोरे निळे हातमोजे घातले होते. रेझिनच्या कामासाठी आम्ही बायकांनी हेच हातमोजे मागितले तेव्हा "संपलेत" असं उत्तर मिळालं होतं. आज बरोबर निघाले. त्यांना माझ्या अंगाला हात लागू द्यायचा नव्हता म्हणून निघाले.

"वहिनी, असं काय करताय?"

"मला तरी हौस आहे का? आईंचं समाधान होऊ दे. पटकन कर."

माझ्या आधी शेवंतामावशी आत जाऊन आली होती. तिची पाळी जाऊन कैक वर्षं झालेली. तिनं तसं सांगितलंही, तरी तिला आत जावंच लागलं. बाहेर आली तेव्हा पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढलेला. मग रुखसाना गेली. ती बाहेर आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिसरी मी. दाराबाहेर बूट, घरी गुडघ्यांनी जेरीला आलेली आई, आणि हातात दुसरं काम नाही. मी नाडी सोडली.

वहिनींनी माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. त्यांना हवं होतं तेवढंच बघितलं. मग दार उघडलं आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिला आहे."

नाडी बांधायलाही थांबल्या नाहीत. दार सताड उघडं, मी पाठमोरी, आणि दिनेशभाईंचे बूट हळूच बाजूला सरकले.

पुढे खुर्चीवर साहेबांच्या आई बसल्या होत्या. त्यांना सगळा गाळा आजी म्हणायचा. त्या मुलाला म्हणाल्या, "बघ. मी म्हटलं नव्हतं? टाकी उगीच परत आली नाही."

साहेब मोबाइलमध्ये बघत राहिले.

परत आलेली टाकी इथून गेली होती त्याला दोन महिने होऊन गेले होते. माझी पाळी आज सकाळी आली होती. आता या दोन गोष्टींची गाठ कशी मारायची? आजींनी मारली. "महिन्याला येते ना? मग तेव्हाही असेल." झालं. माझा गुन्हा शाबीत.

मी हे सगळं सांगतेय ते रडायला म्हणून नाही. रडून झालंय. टाकी खरी कशानं फुटली ते मला माहीत होतं. साहेबांना माहीत होतं. दिनेशभाईंना माहीत होतं. तरी नाडी माझी सुटली. ते का, हे मला नीट मांडायचं आहे.

मी सासर सोडून आईकडे आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आई भाईंदर पूर्वेला एका खोलीत राहायची, सिल्व्हर पार्कमध्ये लोकांच्या घरी कामाला जायची. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे. गावाला आता कुणी नाही. आईचे गुडघे बोलायला लागले होते, जिने चढवत नव्हते. मला काम हवं होतं. ओळखीतून शेवंतामावशीनं इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या या गाळ्यावर नेलं.

आजींनी पहिल्या दिवशी विचारलं, "आडनाव काय?"

मी सांगितलं.

"अच्छा," आजी म्हणाल्या.

त्या एका अच्छामध्ये आमचं सगळं गाव, गावाबाहेरची आमची वस्ती, आणि वस्तीवरची विहीर येऊन गेली. दुपारी चहा आला तेव्हा बाकीच्यांना काचेच्या ग्लासात, मला कागदाच्या कपात. म्हटलं, ठीक आहे, कागदाचा तर कागदाचा. हे मी लहानपणापासून ओळखून आहे, त्याचं नवल वाटलं नाही.

साहेबांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि दिनेशभाईंना म्हणाले, "ही बसेल."

मला वाटलं, नोकरीत बसेल. त्यांना म्हणायचं होतं, टाकीच्या तोंडातून आत बसेल.

आमच्या गाळ्यात लोखंडी टाक्यांना आतून अस्तर लावतात. लायनिंग म्हणतात त्याला. त्या टाक्या केमिकलच्या कारखान्यात जातात, आत ॲसिड भरतात. उघड्या लोखंडाला ॲसिड लागलं तर लोखंड खाऊन टाकतं, म्हणून आतून एक थर द्यायचा की ॲसिड लोखंडापर्यंत पोचूच नये. काचेच्या धाग्यांची मॅट कापायची, ती रेझिनच्या चिकट द्रवात भिजवायची, भिंतीला चिकटवायची, वरून रोलर फिरवून हवा काढायची. थरावर थर. शेवटचा कोट गुळगुळीत. मोठ्या टाकीत पुरुष उतरतात. पण लहान टाक्यांचं तोंड इतकं अरुंद की पुरुषाचे खांदे अडकतात. तिथे मी.

आत उकाडा. रेझिनचा वास डोक्यात शिरतो, डोळ्यांतून पाणी काढतो. ब्लोअरचा पाइप सोडलेला असतो, पण हवा पायाशी, आपण वर. काचेची कूस कातडीत शिरते आणि मग दिवसभर खाज. खाजवलं की आणखी आत जाते. घरी गेले की आई म्हणायची, माझ्या शेजारी झोपू नकोस, मला टोचतं. केस कितीही धुतले तरी वास जायचा नाही. शेअर रिक्षात बाजूची बाई ओढणी नाकाला लावायची आणि मी बाहेर बघायचे.

तरी सांगते, मला ते काम आवडायचं. लाजायचं काय त्यात? शेवटचा कोट वाळला की स्पार्क टेस्ट होते. तांब्याच्या तारांचा ब्रश असतो, त्यात जबर वीज सोडलेली. तो अस्तरावरून फिरवायचा. कुठे सुईएवढंही भोक राहिलं असेल तर तिथे निळी ठिणगी उडते आणि यंत्र ओरडतं. कंपनीचा माणूस येऊन ब्रश फिरवायचा आणि आम्ही बाहेर उभ्या. माझ्या टाकीत ठिणगी उडाली नाही की मला आतून बरं वाटायचं. कुणी शाब्बास म्हणत नव्हतं. मीच मला म्हणायचे.

जी टाकी पुढे परत आली, तिच्यातही ठिणगी उडाली नव्हती. कंपनीचा माणूस पास करून गेला. ट्रक दारात लागला. आणि मग पूजा.

टाकी बाहेर पडण्याआधी पूजा करायची हा गाळ्याचा रिवाज. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, उदबत्ती, आणि नारळ. नारळ दाराशी एका दगडावर फोडायचे. त्या दिवशी आजी इंद्रलोक भागातल्या घरून गाडीनं आल्या, नवी साडी नेसून. मोठी कंपनी, पहिलीच ऑर्डर. आजी म्हणाल्या, "दगडावर कशाला? टाकीच्या तोंडावर फोडू. तिथूनच भरणार ना ती? मग शकुन तिथेच व्हायला हवा."

टाकी आडवी होती, ट्रकवर चढवायला तयार. तोंड बरोबर आजींच्या हाताच्या उंचीला. तोंडाच्या काठावरही अस्तर असतं, आतून बाहेर वळवून आणलेलं. तेही मीच लावलं होतं. काच ती काचच. वरून टणक, पण ठोका बसला की तडकते. हे गाळ्यात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. आम्ही तर काठावर पान्हासुद्धा ठेवत नाही.

मी मागे उभी होते. तोंडातून निघून गेलं, "साहेब, तिथे नका."

आजींनी मान वळवली. "ही कोण? ही मला पूजा शिकवणार?"

कुणीतरी हसलं. साहेबही हसले. म्हणाले, "आई, तू फोड."

आजींनी नारळ आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. परत आपटला. तिसऱ्यांदा फुटला. पाणी काठावरून वाहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळी वाजवली नाही. माझं लक्ष आवाजाकडे होतं. नारळाच्या आवाजात दुसरा एक बारीक आवाज होता.

साहेब पुढे झाले, फडक्यानं काठ पुसला. पुसता पुसता त्यांचा अंगठा एका जागी थांबला. परत मागे आला, परत तिथेच थांबला. साहेब इंजिनिअर आहेत. त्यांना कळायला कितीसा वेळ? त्यांनी दिनेशभाईंकडे बघितलं. दिनेशभाईंनी जमिनीकडे बघितलं. परत थर द्यायचा, वाळवायचा, कंपनीच्या माणसाला परत बोलवायचं, आणि बोलवून सांगायचं काय? आईनं नारळ फोडला म्हणून? साहेबांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "लोड करा."

आजींनी आम्हाला खोबरं वाटलं. माझ्या हातावर वरून टाकलं.

टाकी गेली. तिकडे ॲसिड भरलं. काठावरच्या तड्यातून ॲसिड अस्तराच्या मागे शिरलं आणि खाली उतरत गेलं. टाकी परत आली तेव्हा तोंडाजवळचं अस्तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं सुटलं होतं आणि मागचं लोखंड काळं पडून खवले धरलेलं होतं. ज्याला डोळे होते त्याला दिसत होतं सुरुवात कुठून झाली ते.

आजी बघायला आल्या. त्यांनीही काठ बघितला. मग म्हणाल्या, "या बायका आत उतरतात. कुणाला कावळा शिवलेला असतो, कुणाला काय. पूजेच्या वस्तूला विटाळ झाला की असंच व्हायचं."

साहेब तोंडातून एक शब्द बोलले असते तर विषय तिथे संपला असता. आई, तुझ्या नारळानं तडकलं. एवढंच वाक्य. ते बोलले नाहीत. कंपनीला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण घरात त्यांना कारण आयतं मिळालं. ते फुकटचं होतं आणि बोलणारं नव्हतं. ते कारण म्हणजे आम्ही तिघी.

टाकीचं जुनं अस्तर छिनीनं काढलं. ते मीच काढलं. नवं लावलं, तेही मीच. शेवटच्या कोटच्या दिवशी सकाळी गाडी लागली, त्यातून आजी उतरल्या, मागून वहिनी. वहिनींच्या हातात हातमोज्यांचं पाकीट होतं.

आजी दिनेशभाईंना म्हणाल्या, "आधी बायकांना तपासायचं. मग काम."

दिनेशभाई आमच्याकडे न बघता म्हणाले, "चलो, कौन पहले?"

त्यापुढचं मी सांगितलंच आहे.

तपासून झाल्यावर आजींनी हुकूम सोडला. हिला टाकीपासून लांब बसवा. गाळ्याच्या गेटबाहेर रेझिनचं एक रिकामं पिंप उपडं पडलेलं असतं, त्यावर मला बसवलं. तोंड रस्त्याकडे. आत यायचं नाही, पाण्याच्या मटक्याला शिवायचं नाही. आजींनी गोमूत्राची बाटली काढली आणि माझ्या रोलरवर, माझ्या कात्रीवर, मी जिथे चप्पल काढते तिथे शिंपडलं.

आमच्या इस्टेटच्या गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात. शेजारच्या गाळ्यातले लोक, माल उतरवणारे, समोरचा वेल्डर. एकेक येत होता.

"क्या हुआ, बाहर क्यूँ बैठी?"

आतून कुणीतरी परस्पर उत्तर दिलं, "उसका प्रॉब्लम है." हशा. चहावाला आला. त्यानं आत सगळ्यांना चहा दिला, माझा कप पिंपापासून हातभर लांब जमिनीवर ठेवला आणि मागे सरला. त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. गल्लीत ही गोष्ट सांगावी लागत नाही. मी तो चहा उचलला नाही. त्यात माशी पडली.

दुपारी आजी आणि वहिनी जेवायला घरी निघाल्या. गाडी माझ्या पिंपाजवळून वळली. काच वर होती. आजींनी माझ्याकडे बघून पदर सावरला.

गाडी गल्लीबाहेर पडते न पडते तोच साहेब गेटशी आले. आवाज एकदम मऊ.

"अगं, चल. आई गेली. पटकन उतरून कोट मारून घे. ती संध्याकाळी यायच्या आत तू बाहेर."

मला आधी कळलंच नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मला सगळं समजतं गं," साहेब म्हणाले. "मी काय असलं मानणारा माणूस आहे का? पण आईचं वय झालंय. तिचं मन राखायचं, एवढंच. तू समजूतदार आहेस. दिनेशनं रेझिन कालवायला घेतलंय."

त्या क्षणी माझ्या अंगात जे झालं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. सकाळी संडासात मला लाज वाटली होती. पिंपावर अपमान वाटला होता. आता राग आला, आणि तो लाजेपेक्षा कितीतरी बरा होता. आजी निदान मानत तरी होत्या. हा माणूस काही मानत नव्हता. याला माहीत होतं की विटाळ वगैरे काही नसतं, याला माहीत होतं की टाकी नारळानं तडकली. सगळं माहीत असून यानं मला त्या संडासात पाठवलं आणि मोबाइल बघत उभा राहिला. आणि आता त्याच अंगाला त्याच टाकीत उतरवायचं होतं, चोरून, आईच्या माघारी. माझं रक्त त्याला चालत होतं. फक्त ते कुणाला दिसायला नको होतं.

"रुखसानाला सांगा," मी म्हटलं.

"ती बसत नाही तोंडातून. तुला माहीत आहे. ऊठ, हार्डनर पडलाय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते कुणासाठी थांबत नाही. थोडा वेळ पातळ, मग मधासारखं, मग बादलीतच गरम होऊन दगड. दिनेशभाईंनी मोठी बादली कालवली होती, सगळ्या टाकीला पुरेल एवढी. बादली टाकीच्या तोंडाशी आणून ठेवली. तिच्यात माझा रोलर उभा केला, गोमूत्र शिंपडलेला.

मी उठले नाही.

"उतरते," मी म्हटलं. "पण आजींना बोलवा. त्यांच्या समोर उतरते."

साहेबांना वाटलं मी थट्टा करतेय. "वेडी आहेस का?"

"त्यांच्या समोर सांगा, हिला पाळी आली आहे आणि ही आत चालली आहे. आणि टाकी कशानं फुटली तेही सांगा."

"कशानं म्हणजे?"

"नारळानं. तुम्ही अंगठा फिरवून बघितला होता."

हे मी मोठ्यानं बोलले. सकाळी वहिनी बोलल्या होत्या तेवढ्याच मोठ्यानं. आत काम थांबलं. समोरच्या वेल्डरनं तोंडावरची काच वर केली. साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यांनी आत वळून दिनेशभाईंना विचारलं, "दिनेश, काय बोलतेय ही? असं काही झालं होतं?"

"पता नहीं, साहब," दिनेशभाई म्हणाले. "मैंने नहीं देखा."

बादलीतलं रेझिन जड व्हायला लागलं होतं. दिनेशभाईंनी रोलर हलवून बघितला. "साहब, जम रहा है," ते ओरडले.

साहेब माझ्या जवळ आले. इतके जवळ की सकाळपासून विटाळलेल्या बाईच्या एवढ्या जवळ कुणी आलं नव्हतं. दात आवळून म्हणाले, "तुझ्या आईचे गुडघे विसरलीस का? तुला कोण देणार काम? नवऱ्यानं टाकलेली बाई तू. उपकार केले तुझ्यावर."

मी म्हटलं, "मला टाकलं नाही. मी सोडून आले."

आणि बसून राहिले.

मला शेवंतामावशीकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं. ती डोळ्यांनी मला विनवत होती, ऊठ, जा, कशाला वाढवतेस. रुखसाना मॅट कापायच्या टेबलाशी उभी होती, हातात कात्री तशीच. बादलीतून वाफ निघायला लागली. पिवळट धूर, डोळ्यांत जाणारा. दिनेशभाईंनी बादली लाथेनं बाहेर ढकलली, ती गेटजवळ माझ्या समोर येऊन थांबली. मी बघत होते. वरून साय धरली, मग तडतडलं, मग माझा रोलर तिच्यात उभाच्या उभा रुतून बसला. मी त्याला वेळेत हात लावला असता तर निघाला असता. लावला नाही. अख्खी बादली माझ्यासमोर दगड झाली आणि मी त्या गाळ्यात पहिल्यांदाच काहीही न करता कुणाचं तरी नुकसान केलं.

"चालती हो," साहेब म्हणाले. "परत दिसू नकोस."

मी पिंपावरून उठले. कपड्याला डाग पडला होता. पिंपावरही पडला होता. मी तो झाकला नाही, पुसला नाही. सगळ्यांना दिसला तसा दिसू दिला आणि गल्लीतून चालत गेले.

मग त्या टाकीत कोण उतरलं? रुखसाना. हे मला नंतर कळलं. नवी बादली कालवली, दोघांनी तिचे हात धरून तिला तोंडातून आत लोटलं. कमरेची कातडी दोन्ही बाजूंनी सोलली. तशीच आत राहून तिनं कोट मारला. मला ती स्टेशनजवळ भेटली तेव्हा म्हणाली, "तू तो चली गई. मेरे को तो जाना ही पडा ना." तिच्यावर मला राग नाही. तिला आत लोटणारे हात माझ्या ध्यानात आहेत.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, गुडघ्याला तेल चोळत. मग म्हणाली, "दाखवलंस ना एकदा? मग पुढचं तरी गप ऐकायचं होतंस. मी ज्यांच्या घरी जाते तिथे ते चार दिवस मला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. भांडी बाहेर आणून देतात. मी काय मरून गेले का?"

"तुला तपासतात का?"

आईनं तळहातावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाली, "विचारतात. मी खरं सांगते." आणि तेलाची बाटली बंद करून भिंतीकडे वळून झोपली.

मी पोलीस चौकीत गेले. समोर बाईच बसली होती, मला बरं वाटलं. तिनं सगळं विचारलं.

"दार कुणी लावलं?"

"वहिनींनी."

"नाडी कुणी सोडली?"

"मी."

तिनं पेन खाली ठेवलं. "मग जबरदस्ती कुठे झाली, बाई? मारलं का? धरलं का?" मी म्हटलं, मारलं नाही, धरलं नाही. ती म्हणाली, "साक्षीदार आणा." शेवंतामावशीकडे गेले. ती दारातच उभी राहिली, मला आत घेतलं नाही. म्हणाली, "असं काही झालंच नाही, पोरी. तू पण विसर." ज्या बाईला माझ्या आधी त्या दारामागे उभं केलं होतं, ती म्हणाली, झालंच नाही.

नाडी मीच सोडली, हे खरं आहे. त्या एका वाक्यावर ते सगळे उभे आहेत. साहेब, वहिनी, दिनेशभाई, चौकीतली बाई. पण ज्या बाईला आधी आडनाव विचारलं, मग कागदाचा कप दिला, मग दाराबाहेर बूट उभे केले, तिनं स्वतःच्या हातानं नाडी सोडली म्हणजे स्वतःच्या मर्जीनं सोडली, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा त्या संडासात उभं राहावं.

तक्रार मी मागे घेतलेली नाही. कामगारांच्या ऑफिसात दिली आहे, तिथे हेलपाटे घालते. साहेबांनी दिनेशभाईंकरवी निरोप धाडला होता, कागद मागे घे, परत कामावर घेतो, आजी आता येत नाहीत. मी निरोप तसाच परत पाठवला. आजी येवोत न येवोत. मला आजींचं काही नको आहे. मला साहेबांच्या तोंडून ते नारळाचं एक वाक्य हवं आहे, चार माणसांसमोर, जसं माझं चार माणसांसमोर सांगितलं गेलं.

आता त्याच इस्टेटमध्ये दुसऱ्या गल्लीत काम करतेय. तेच काम, तेच रेझिन, तीच खाज. नव्या मालकांनी कामावर घेताना आडनाव विचारायच्या आधी मीच सांगितलं. आडनाव सांगितलं. मग सांगितलं, शेवटच्या कोटच्या दिवशी मला पाळी आली तरी मी उतरणार, नाही आली तरी उतरणार, मला विचारायचं नाही. आणि नारळ दगडावर फोडायचा, टाकीवर नाही. ते कसंनुसं हसले. त्यांना बारीक अंगाची बाई हवी होती, त्यांनी घेतलं. बाकीचे पुरुष मागून मला कावळेवाली म्हणतात. म्हणू देत.

परवा इथे एका टाकीचा शेवटचा कोट होता. ब्लोअर सुरू होता, हार्डनर पडायचा होता. मी टाकीच्या तोंडाशी उभी राहिले, ब्लोअर बंद करायला लावला आणि सगळे गप्प झाल्यावर म्हटलं, "मला आज पाळी आली आहे. मी आत चाललेय."

एकानं मान फिरवली. एक जण फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे बघत राहिले, हसू थांबेपर्यंत. मग ब्लोअर लावायला सांगितला आणि उतरले.

हे मी दर वेळी करणार आहे. पाळी असेल तेव्हा सांगून उतरणार, तोंडावर सांगून, त्यांना ऐकवून ऐकवून त्यांचे कान किटेपर्यंत. आणि कुठल्याही गाळ्यात, कुठल्याही दारामागे, हातमोजे घालून कुणी माझ्यासमोर आलं तर रेझिनच्या बादल्या जमून जाऊ देत, टाक्या उघड्या पडू देत, काम जाऊ दे. कुणाच्या सांगण्यावरून माझी नाडी परत सुटणार नाही.